होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९, मुंबई – २४ जानेवारी १९६६, माँ ब्लां, फ्रान्स) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ आणि भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रवर्तक होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ते संस्थापक-संचालक, भारतीय अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष आणि केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाचे पहिले सचिव होते. विश्वकिरण आणि मूलकण या विषयांवरील संशोधनामुळे त्यांना आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळाली. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर प्रकीर्णनाला त्यांच्या नावावरून भाभा प्रकीर्णन असे म्हणतात. देशातील मर्यादित युरेनियम आणि विपुल थोरियम यांचा विचार करून त्यांनी आखलेला तीन टप्प्यांचा अणुऊर्जा कार्यक्रम आजही भारताच्या अणुऊर्जा धोरणाचा पाया मानला जातो.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

भाभा यांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित व संपन्न पारशी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा हुरमसजी भाभा हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे महानिरीक्षक होते. वडील जहांगीर हुरमसजी भाभा यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण घेतले होते व ते बॅरिस्टर होते. आई मेहेरबाई या सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या नातीपैकी एक होत्या. होमी यांच्या आत्या, त्यांचेही नाव मेहेरबाई, यांचा विवाह जमशेदजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. त्यामुळे टाटा कुटुंबाच्या घरात होमी यांचे लहानपणापासून जाणेयेणे होते आणि पोलाद, वीज व कापड या उद्योगांविषयीच्या चर्चा त्यांच्या कानांवर पडत होत्या. धाकटे बंधू जमशेद भाभा यांनी पुढे मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राची उभारणी केली.

होमी यांचे शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेत झाले. त्यानंतर त्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत शिक्षण घेतले. घरातील ग्रंथसंग्रह, पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रकलेचे धडे यांमुळे विज्ञानाइतकीच कलेची आवडही त्यांच्यात रुजली.

१९२७ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठातील गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेले. त्यांनी अभियंता होऊन टाटांच्या जमशेदपूर येथील पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची व सर दोराबजींची इच्छा होती. केंब्रिजमध्ये मात्र त्यांचा ओढा सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळला. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणिताच्या शिक्षणासाठी केंब्रिजमध्ये राहू देण्याचे वडिलांनी मान्य केले. १९३० मध्ये अभियांत्रिकीच्या आणि १९३२ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत भाभा यांनी प्रथम वर्ग मिळवला. त्यानंतर राल्फ फाउलर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून त्यांनी डॉक्टरेट संपादन केली.

वैज्ञानिक संशोधन

भाभा केंब्रिजमध्ये होते तो काळ अणुभौतिकीतील मोठ्या घडामोडींचा होता. १९३२ मध्ये तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. त्याच वर्षी अमेरिकेत पॉझिट्रॉनचा शोध लागला. पॉल डिरॅक यांच्या सिद्धांताने भाभा यांच्या पिढीतील संशोधकांवर खोल प्रभाव टाकला होता. १९३४ मध्ये भाभा यांना आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती मिळाली. या काळात त्यांनी युरोपातील प्रमुख संशोधन केंद्रांना भेटी दिल्या आणि नील्स बोर यांच्या कोपनहेगन येथील संस्थेतही काम केले.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळल्यावर कोणत्या प्रमाणात कोणत्या दिशेने विखुरतात, याचे गणित भाभा यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडले. कणत्वरकांमध्ये आदळणाऱ्या कणांचे प्रमाण मोजण्यासाठी या प्रक्रियेचा आजही उपयोग केला जातो. १९३७ मध्ये त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह विश्वकिरणांच्या वर्षावाचा सोपान सिद्धांत मांडला. अंतराळातून आलेला एखादा अतिऊर्जावान कण वातावरणातील अणूंशी टक्कर घेतो, त्यातून प्रारण व नवे कण जन्मतात, ते पुन्हा टक्कर घेतात आणि जमिनीपर्यंत पोहोचेतो कणांचा वर्षाव निर्माण होतो, असे या सिद्धांताने दाखवून दिले. वेगाने जाणारा अस्थिर कण स्थिर कणापेक्षा अधिक काळ टिकलेला दिसेल आणि त्यावरून सापेक्षतेच्या सिद्धांताची प्रत्यक्ष पडताळणी करता येईल, हेही त्यांनी सुचवले. मेसॉन हे नाव रूढ होण्यातही त्यांचा वाटा होता.

१९३९ मध्ये सुट्टीसाठी ते भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि केंब्रिजला परतणे अशक्य झाले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत ते रुजू झाले. तेव्हा चं. वें. रामन तेथे भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने भाभा यांनी तेथे विश्वकिरण संशोधनाचा विभाग उभारला. १९४१ मध्ये वयाच्या ३१व्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून त्यांची निवड झाली. १९४२ मध्ये त्यांना केंब्रिज विद्यापीठाचे ॲडम्स पारितोषिक मिळाले.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

बंगळूरमधील वास्तव्यात भाभा यांचे भारतात कायम राहण्याविषयीचे मत बनले. योग्य साधने आणि वातावरण मिळाल्यास देशातच उच्च दर्जाचे संशोधन होऊ शकेल, असे त्यांना वाटू लागले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्रासाठी स्वतंत्र संस्था स्थापन करण्याचा प्रस्ताव मांडला. पुढे अणुशक्तीपासून वीजनिर्मिती करता येऊ लागेल तेव्हा भारताला परदेशांतून तज्ज्ञ शोधावे लागू नयेत, ते देशातच तयार असावेत, असा विचार या पत्रात होता. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडण्याच्या सुमारे दीड वर्ष आधीचा हा प्रस्ताव आहे.

न्यासाने प्रस्ताव मान्य केला आणि जून १९४५ मध्ये बंगळूर येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम सुरू झाले. त्याच वर्षी संस्था मुंबईत हलवण्यात आली आणि १९ डिसेंबर १९४५ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉन कॉलव्हिल यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आरंभी पेडर रोडवरील एका बंगल्यात व नंतर अपोलो बंदरानजीक यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत संस्थेचे काम चालत असे. कुलाबा येथील सध्याच्या वास्तूचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. आधी इमारत बांधून मग माणसे शोधण्याऐवजी, आधी गुणी माणसे निवडून त्यांच्याभोवती विभाग वाढू द्यावेत, अशी भाभा यांची पद्धत होती. गणित, रेडिओ खगोलशास्त्र, जीवशास्त्र आणि संगणकविज्ञान या विषयांतील कामही या संस्थेत सुरू झाले.

अणुऊर्जा आयोग व तुर्भे येथील केंद्र

स्वातंत्र्यानंतर एप्रिल १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा संमत झाला आणि १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोगाची स्थापना झाली. भाभा हे आयोगाचे अध्यक्ष आणि शांतिस्वरूप भटनागर व का. श्री. कृष्णन हे सदस्य होते. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे खनिज आढळते व त्यापासून थोरियम मिळते. या वाळूची कच्च्या मालाच्या रूपातील निर्यात थांबवून तिच्यावरील प्रक्रिया देशातच करावी, असा आग्रह भाभा व भटनागर यांनी धरला. त्यातून १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ मध्ये अलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. युरेनियमच्या शोधासाठी १९४९ मध्ये भूवैज्ञानिक दाराशॉ वाडिया यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण सुरू करण्यात आले. सध्याच्या झारखंडमधील जादूगुडा येथील युरेनियमचा साठा या मोहिमेतून हाती आला.

३ ऑगस्ट १९५४ रोजी पंतप्रधानांच्या अखत्यारीत स्वतंत्र अणुऊर्जा विभाग निर्माण करण्यात आला व भाभा त्याचे सचिव झाले. विभागाचे मुख्यालय दिल्लीऐवजी मुंबईत ठेवण्यात आले. त्याच वर्षी मुंबईजवळील तुर्भे म्हणजेच ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा संस्थेची उभारणी सुरू झाली. १९५८ मध्ये आयोगाची पुनर्रचना होऊन त्याला व्यापक आर्थिक व प्रशासकीय अधिकार देण्यात आले. एकच व्यक्ती आयोगाची अध्यक्ष आणि विभागाची सचिव असल्याने निर्णय झपाट्याने होत, परंतु त्यामुळे सर्व अधिकार एका ठिकाणी एकवटत, अशी टीकाही होत असे.

४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथील अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ती पहिली अणुभट्टी होती. तिचे इंधन ब्रिटनने पुरवले होते, मात्र तिची रचना व बांधणी भारतीय अभियंत्यांनी केली होती. तलावातील पाण्यात दिसणाऱ्या निळसर प्रकाशावरून नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिले. १० जुलै १९६० रोजी कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची सायरस अणुभट्टी आणि जानेवारी १९६१ मध्ये झर्लिना ही अणुभट्टी सुरू झाली. १९६४ मध्ये वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारा प्रकल्पही तुर्भे येथे कार्यान्वित झाला.

मनुष्यबळाच्या तयारीसाठी १९५७ मध्ये तुर्भे येथे प्रशिक्षण विद्यालय सुरू करण्यात आले. देशभरातील विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवीधरांतून निवडलेल्या तरुणांना येथे एक वर्षाचे शिक्षण दिले जाई व त्यानंतर थेट नियुक्ती मिळे. अणुऊर्जा आयोगाचे पुढील काळातील अध्यक्ष अनिल काकोडकर हे याच विद्यालयातून आले.

तीन टप्प्यांचा कार्यक्रम

नोव्हेंबर १९५४ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या अणुऊर्जाविषयक परिषदेत भाभा यांनी दीर्घकालीन कार्यक्रमाची रूपरेषा मांडली. देशातील सहज मिळवता येण्याजोगा थोरियमचा साठा ५ लाख टनांहून अधिक आहे आणि युरेनियमचा ज्ञात साठा त्याच्या एक दशांशापेक्षाही कमी आहे, हा त्यांच्या विचाराचा आधार होता. थोरियमचे स्वतःहून विखंडन होत नाही. त्यावर न्यूट्रॉनचा मारा केल्यास त्यापासून युरेनियम-२३३ तयार होते व ते इंधन म्हणून वापरता येते. म्हणजे थोरियमचा उपयोग करण्यासाठी आधी दुसऱ्या इंधनावर चालणाऱ्या अणुभट्ट्या हव्यात. या अडचणीतून तीन टप्प्यांची मांडणी पुढे आली.

पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरणाऱ्या अणुभट्ट्या उभाराव्यात. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनशील युरेनियम-२३५ केवळ ०.७ टक्के असते, तरीही जड पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करताना ते फारसे शोषून घेत नसल्याने इंधन समृद्ध न करता अणुभट्टी चालते. या अणुभट्ट्यांत विजेबरोबर प्लुटोनियमही तयार होते. दुसऱ्या टप्प्यात हे प्लुटोनियम द्रुत प्रजनक अणुभट्ट्यांत वापरावे. अशा अणुभट्ट्या जितके इंधन जाळतात त्यापेक्षा अधिक नवे इंधन निर्माण करू शकतात, आणि त्यांच्याभोवती थोरियमचे आवरण ठेवल्यास युरेनियम-२३३ मिळते. तिसऱ्या टप्प्यात थोरियम व युरेनियम-२३३ यांवर चालणाऱ्या अणुभट्ट्या असाव्यात.

ऊर्जेच्या बाबतीत परावलंबन टाळणे हा या मांडणीचा गाभा होता. युरेनियम समृद्ध करण्याचे तंत्रज्ञान त्या काळी मोजक्या राष्ट्रांच्या हाती होते. समृद्ध इंधनावर देशाची वीज अवलंबून राहिल्यास ते इंधन पुरवणाऱ्या राष्ट्राच्या धोरणावरही ती अवलंबून राहील, हे भाभा यांनी ओळखले होते. हवामानबदलाचा प्रश्न तेव्हा सार्वजनिक चर्चेत नव्हता, त्यामुळे त्यांच्या युक्तिवादात कोळशाची वाहतूक, इंधनाचे साठे आणि गरीब देशातील विजेची वाढती गरज यांना प्राधान्य होते. १ किलोग्रॅम युरेनियम-२३५चे संपूर्ण विखंडन झाल्यास सुमारे अडीच ते तीन हजार टन उत्तम प्रतीच्या कोळशाइतकी उष्णता मिळते. खाणींपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या प्रदेशांत अणुवीज कोळशाच्या विजेशी स्पर्धा करू शकेल, असे ते या आधारावर प्रतिपादन करीत.

आंतरराष्ट्रीय कार्य

ऑगस्ट १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. भाभा तिचे अध्यक्ष होते. अविकसित देशांना औद्योगिक जगाच्या पातळीवर यायचे असेल तर जगाचे ज्ञात इंधनसाठे अपुरे पडतील, ही बाब त्यांनी अध्यक्षीय भाषणात मांडली. सुमारे दोन दशकांत अणुसंमीलनापासून नियंत्रित ऊर्जा मिळवता येईल, असे भाकीतही त्यांनी केले. हे भाकीत अद्याप प्रत्यक्षात उतरलेले नाही.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना तयार होत असताना, मदत घेणाऱ्या देशांवर कडक तपासणी आणि अण्वस्त्रधारी देशांना मोकळीक हा भेद त्यांनी अमान्य केला. १९६० ते १९६३ या काळात ते शुद्ध व उपयोजित भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्ष होते.

तारापूर व राजस्थान येथील प्रकल्प

देशातील पहिल्या अणुवीज केंद्रासाठी मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवरील तारापूरची निवड झाली. हे ठिकाण सध्या पालघर जिल्ह्यात आहे. मुंबई व गुजरात येथील उद्योगांना विजेची मोठी गरज होती आणि हा पट्टा पूर्व भारतातील मोठ्या कोळसा खाणींपासून दूर होता. समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी उपलब्ध होते. जागतिक निविदांनंतर अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनीची निवड करण्यात आली. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि १९६४ मध्ये बांधकाम सुरू झाले. २१० मेगावॉट क्षमतेच्या दोन उत्कलन जल अणुभट्ट्यांचे हे केंद्र भाभा यांच्या मृत्यूनंतर ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक रीत्या सुरू झाले. नंतर प्रत्येक भट्टीची क्षमता १६० मेगावॉटपर्यंत कमी करण्यात आली.

तारापूरच्या अणुभट्ट्या समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या असल्याने त्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात बसत नव्हत्या. केंद्र लवकर उभे राहावे, अणुवीज किफायतशीर ठरू शकते हे दिसावे आणि भारतीय अभियंत्यांना अनुभव मिळावा, या हेतूंनी भाभा यांनी हा मार्ग स्वीकारला. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून इंधन मिळण्यात अडथळे आले आणि पुढे फ्रान्स, चीन व रशिया यांच्याकडून इंधन घ्यावे लागले. परावलंबनाविषयी भाभा यांनी मांडलेली चिंता त्यांनीच निवडलेल्या प्रकल्पात प्रत्यक्ष अनुभवास आली.

राजस्थानातील रावतभाटा येथे कॅनडाच्या सहकार्याने नैसर्गिक युरेनियम व जड पाणी यांवर चालणारे केंद्र उभारण्याचा करार डिसेंबर १९६३ मध्ये झाला. १९७४ नंतर कॅनडाने सहकार्य थांबवले, तरी दुसरी अणुभट्टी भारतीय अभियंत्यांनी पूर्ण केली. पुढे देशात याच प्रकारच्या अणुभट्ट्यांची मालिका उभी राहिली.

नागपूर व विदर्भाशी संबंध

भाभा यांच्या संस्थांचा आर्थिक पाया ज्या टाटा संपत्तीवर उभा राहिला, तिचा एक महत्त्वाचा स्रोत नागपूर येथे होता. जमशेदजी टाटा यांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. कापड गिरण्यांचे केंद्र मुंबई असतानाही नागपूर निवडण्यामागे विदर्भातील कापूस, रेल्वे आणि वरोऱ्याच्या खाणींतील कोळसा जवळ असणे ही कारणे होती. इंधनाच्या जवळ उद्योग नेण्याचा हा विचार होता. भाभा यांच्यापुढे सुमारे ८० वर्षांनंतर उलट प्रश्न होता, तो म्हणजे उद्योग आधीच वसलेल्या पण इंधनापासून दूर असलेल्या प्रदेशात वीज कशी निर्माण करावी. एम्प्रेस मिलच्या यशातून टाटा समूहाच्या पुढील उद्योगांना बळ मिळाले. सर दोराबजींनी १९३२ मध्ये आपली संपत्ती न्यासाकडे सोपवली आणि त्याच न्यासाने भाभा यांच्या संस्थेला आधार दिला.

भाभा यांच्या काळात सुरू झालेल्या खनिज सर्वेक्षणाच्या कामातून पुढे अणुखनिज संचालनालय विकसित झाले. त्याचे मध्य विभागीय कार्यालय नागपूर येथे असून मध्य भारतातील युरेनियम व इतर अणुखनिजांच्या शोधाचे काम तेथून चालते.

महाराष्ट्राच्या वीजपुरवठ्याच्या भूगोलात नागपूर आणि तारापूर ही दोन टोके आहेत. नागपूरजवळील कोराडी व खापरखेडा आणि चंद्रपूर येथील केंद्रे स्थानिक कोळसा पट्ट्यांच्या आधाराने वीज निर्माण करतात. चंद्रपूरची वीज पश्चिमेकडे नेण्यासाठी मुंबईजवळील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वाहिनी उभारावी लागली. राज्याच्या पश्चिमेकडील विजेसाठी लागणारा कोळसा, त्याची राख आणि धूर यांचा भार विदर्भातील गावांवर पडतो. या केंद्रांची राख आणि हवेचे प्रदूषण हे विदर्भातील दीर्घकाळचे सार्वजनिक प्रश्न आहेत. त्यामुळे स्वच्छ ऊर्जेच्या सध्याच्या चर्चेत अणुऊर्जेचा उल्लेख येथे कोळशाला पर्याय म्हणून केला जातो. अणुऊर्जेच्या विरोधकांच्या मते मात्र किरणोत्सारी कचरा आणि अपघाताचा धोका यांमुळे एका प्रदेशाचा भार केवळ दुसऱ्या प्रदेशाकडे सरकतो.

अण्वस्त्रांविषयी भूमिका

भाभा यांनी जाहीरपणे अणुशक्तीच्या शांततामय वापराचा आणि निःशस्त्रीकरणाचा पुरस्कार केला. मात्र भविष्यात अण्वस्त्रे निर्माण करण्याचा पर्याय खुला राहावा अशीही त्यांची भूमिका होती, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिली अणुचाचणी केली. त्यानंतर काही दिवसांनी आकाशवाणीवरील भाषणात भाभा यांनी अणुस्फोटाचा खर्च तुलनेने कमी असतो, अशी आकडेवारी मांडली. त्यात अणुभट्ट्या व इतर पायाभूत सुविधांचा खर्च पुरेसा धरलेला नाही, असा आक्षेप नंतर घेण्यात आला. त्याच सुमारास पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी शांततामय कामांसाठी भूमिगत अणुस्फोटाच्या अभ्यासाला संमती दिली. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या चाचणीत सायरस अणुभट्टीतील प्लुटोनियम वापरण्यात आले होते.

टीका व मतभेद

भाभा यांच्या कार्यक्रमावर त्यांच्या हयातीतच टीका झाली. १९४८ च्या कायद्यातील गोपनीयतेच्या तरतुदींवर संविधान सभेत आक्षेप घेण्यात आला होता. भौतिकशास्त्रज्ञ आणि लोकसभा सदस्य मेघनाद साहा यांनी अणुऊर्जा संशोधनात विद्यापीठांना पुरेसे स्थान नसल्याचे आणि कामकाज अतिगोपनीय असल्याचे संसदेत निदर्शनास आणले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या मते भारतासारख्या उन्हाच्या देशाला सौर ऊर्जा अधिक उपयुक्त होती. भाभा व त्यांच्यातील मतभेद वाढत गेले आणि १९६२ मध्ये कोसंबी यांच्या नियुक्तीची मुदत वाढवण्यात आली नाही.

उद्दिष्टे व प्रत्यक्ष प्रगती यांतील तफावत हा टीकेचा आणखी एक मुद्दा आहे. १९८० पर्यंत देशात सुमारे ८,००० मेगावॉट अणुवीज क्षमता निर्माण होईल, असा भाभा यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या वेळी ती ६०० मेगावॉटच्या आसपास होती. १९७४ नंतरचे आंतरराष्ट्रीय निर्बंध, प्रकल्पांना झालेला विलंब आणि भांडवलाची टंचाई ही कारणे यासाठी दिली जातात. मूळ अंदाजच अतिआशावादी होते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

इतर कार्य व व्यक्तिमत्त्व

१९६२ मध्ये भाभा यांच्या प्रोत्साहनाने विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. अवकाश कार्यक्रमाचे आरंभीचे पोषण अणुऊर्जा विभागाने केले. १९६३ मध्ये नेमलेल्या इलेक्ट्रॉनिक्स समितीचे भाभा अध्यक्ष होते व तिच्या अहवालाचा देशातील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या धोरणावर मोठा प्रभाव पडला. लेडी मेहेरबाई टाटा यांच्या १९३१ मधील निधनानंतर कर्करोगाच्या उपचारासाठी उभ्या राहिलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचे प्रशासन १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. त्यामुळे किरणोत्सारी समस्थानिकांच्या वैद्यकीय वापराला चालना मिळाली.

भाभा अविवाहित होते. ते स्वतः चित्रे व रेखाचित्रे काढत. संगीत, वास्तुकला आणि उद्याने यांत त्यांना विशेष रस होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्यांनी आधुनिक भारतीय चित्रकारांच्या कलाकृतींचा मोठा संग्रह केला व संस्थेच्या वास्तूत म. फि. हुसेन यांचे भित्तिचित्र बसवले. तुर्भे येथील परिसराच्या आखणीत जुनी झाडे वाचवण्यावर त्यांचा कटाक्ष असे.

मृत्यू

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला जात असताना २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे कांचनगंगा हे बोइंग ७०७ विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लां शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व ११७ जणांचा मृत्यू झाला, त्यांत भाभा यांचा समावेश होता. जिनिव्हाकडे उतरताना विमानाच्या नेमक्या स्थानाबाबत वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष यांच्यात झालेला गैरसमज हे अपघाताचे कारण असल्याचे चौकशीत आढळले. अपघातामागे घातपात असल्याचे दावे वेळोवेळी केले गेले, परंतु ते सिद्ध झालेले नाहीत. भाभा यांच्यानंतर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद विक्रम साराभाई यांच्याकडे आले.

सन्मान व वारसा

१९५४ मध्ये भारत सरकारने भाभा यांना पद्मभूषण देऊन गौरवले. जानेवारी १९६७ मध्ये तुर्भे येथील संस्थेला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था यांनाही त्यांचे नाव आहे.

तीन टप्प्यांपैकी पहिला टप्पा देशात प्रस्थापित झाला आहे. दुसऱ्या टप्प्याच्या तयारीसाठी कल्पक्कम येथे १९८५ मध्ये प्रायोगिक द्रुत प्रजनक अणुभट्टी सुरू झाली आणि तेथील ५०० मेगावॉटच्या आद्य नमुना द्रुत प्रजनक अणुभट्टीत मार्च २०२४ मध्ये गाभाभरणीला प्रारंभ झाला. थोरियमपासून मिळवलेल्या युरेनियम-२३३ वर चालणारी कामिनी ही लहान संशोधन अणुभट्टी १९९६ मध्ये कार्यान्वित झाली, मात्र मोठ्या प्रमाणावर थोरियमपासून वीजनिर्मिती अद्याप झालेली नाही. देशाच्या एकूण वीजनिर्मितीत अणुऊर्जेचा वाटा सुमारे ३ टक्के आहे.

महाराष्ट्रात तारापूर येथे ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी अणुभट्ट्यांची भर पडली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथील प्रस्तावित प्रकल्पाला मच्छीमार व बागायतदारांकडून विरोध झाला असून तो अद्याप उभा राहिलेला नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले. कोळशावरील अवलंबन कमी करणे आणि ऊर्जासुरक्षा साधणे ही दोन कारणे त्यासाठी दिली जातात. यांपैकी ऊर्जासुरक्षेचा मुद्दा भाभा यांनी १९५० च्या दशकातच मांडला होता. खर्च, सुरक्षितता आणि स्थानिक लोकांची संमती यांविषयी तेव्हापासून उपस्थित झालेले प्रश्नही या विस्ताराच्या चर्चेत कायम आहेत.